केरॅटिन पुढे, कोकोइल मागे: पार्लरमधल्या पाच वस्तू

आधी निकाल सांगते. बेळगावच्या खडेबाजारातल्या पार्लर-सामानाच्या दुकानात बघितलेल्या पाच प्रोटीनवाल्या वस्तूंपैकी दोन मी परत आणणार, एक फक्त स्वतःच्या तोंडासाठी आणणार, एक कुणी मागितलीच तर देणार आणि पाचवी माझ्या दारात येणार नाही. परत आणणार त्या दोघींपैकी एकीच्या पुढच्या बाजूला प्रोटीनचं नावसुद्धा नाही. आणि जिच्यावर सोनेरी अक्षरांत केरॅटिन, म्हणजे केसांचं प्रोटीन, लिहिलंय, ती ‘मागितलीच तर’ मध्ये गेली.

शहापुरात माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. त्याच्या आधी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, त्यामुळे बाटली हातात आली की मी ती पहिल्यांदा उलटी करते. ब्रँडची नावं लिहिणार नाही. एजंट मंडळी माझ्याच दारात बसलेली असतात हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की नाव तेच राहतं आणि आतला माल गुपचूप बदलतो. म्हणून मागची घटकांची यादीच सांगते. दुकानात उभं राहून ती जुळवून बघा, तेवढं पुरे.

पहिली बाटली शाम्पूची. २५० मिलि, ५४० रुपये, दिसायला गढूळसर पाणी. यादी अशी सुरू होते: पाणी, सोडियम कोकोइल ग्लुटामेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम लॉरॉइल ओट अमिनो ॲसिड्स, ग्लिसरीन. सल्फेट, म्हणजे नेहमीच्या शाम्पूतला फेसाळ मळ काढणारा घटक, नाही. वडगावच्या एका मुलीच्या डोक्यावर घातला तर ती बेसिनमधनं मान वर करून म्हणते, “अक्का, फेसच येईना की! नुसतं पाणी ओतालाय काय?”

तिची तक्रार खोटी नव्हती. फेस येतो, पण बारीक आणि दाट, साय धरल्यागत. सल्फेटच्या शाम्पूसारखा कानावरनं ओघळणारा नाही. आणि पातळ आहे म्हणजे भेसळ आहे असंही नाही. नेहमीचा सल्फेट शाम्पू घट्ट दिसतो तो बऱ्याचदा मिठाच्या चिमटीने. सोडियम लॉरेथ सल्फेटमध्ये मीठ टाकलं की तो दाटतो. ग्लुटामेट मिठाला तसा दाद देत नाही, त्याला घट्ट करणं कारखान्यालाही जिकिरीचं जातं. त्यामुळे तळहातावर घेतला की बोटांतनं गळतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. मी आता तो पंप लावलेल्या फेसाच्या बाटलीत भरून ठेवते. तक्रारी थांबल्या.

हे कोकोइल ग्लुटामेट आहे तरी काय? नारळाच्या तेलातलं फॅटी ॲसिड घेतात, त्याचं क्लोराइड करतात आणि अल्कलीच्या पाण्यात ते अमिनो ॲसिडला जोडतात. शोट्टेन आणि बाउमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते, बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आम्ही ती बेंझॉइल क्लोराइडवर केलेली, वासाने डोळ्यांतनं पाणी काढत. तयार होणाऱ्या रेणूचं नारळाकडचं टोक तेल धरतं, अमिनो ॲसिडचं टोक पाणी धरतं, आणि मधल्यामध्ये डोक्यावरचा मळ निघतो. सगळे सर्फॅक्टंट, म्हणजे मळ काढणारे घटक, असंच काम करतात. फरक एवढाच की इथे पाण्याकडचं टोक प्रोटीनच्या घरातलं आहे.

ग्लुटामेट म्हणजे तेच, ज्याच्या सोडियम क्षाराला आपण आजीनामोटो म्हणतो. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी ते जपानात कोम्बू या समुद्रशेवाळाच्या रश्शातनं वेगळं काढलं. आज ते साखर नाहीतर उसाची मळी जीवाणूंना आंबवायला देऊन तयार करतात. चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात कारखान्यांतनं मळीचे टँकर निघताना ज्यांनी बघितलेत त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. हातगाड्यावरच्या गोबी मंचुरीत पडतं ते आणि माझ्या बेसिनमध्ये पडतं ते एकाच कुळातलं. जपानच्या आजिनोमोतो कंपनीनेच १९७०च्या दशकात ग्लुटामेटचे सर्फॅक्टंट बाजारात आणले.

त्याच्याही आधीची एक पिढी आहे, आणि ती अख्ख्या प्रोटीनपासनं केलेली. १९३०च्या दशकात जर्मनीत कातड्यातल्या कोलॅजेन या प्रोटीनचे रासायनिक रीतीने बारीक तुकडे करून त्या तुकड्यांना फॅटी ॲसिड जोडलं गेलं. हा माल आधी कापडधंद्यात गेला, कारण लोकर आणि रेशीम त्याने खराब होत नव्हतं. नंतर तोच पोटॅशियम कोकोइल हायड्रोलाइज्ड कोलॅजेन या नावाने शाम्पूत आला (हायड्रोलाइज्ड म्हणजे तुकडे केलेलं). आता कोलॅजेनच्या जागी सोया, गहू, तांदूळ, ओट आलेत. माझ्या बाटलीतलं चौथं नाव या पोरांपैकीच.

फायदा काय, तर मवाळपणा. सल्फेटचे सुटे रेणू कातडीच्या प्रोटीनला चिकटतात, कातडी फुगते, मग ओढल्यासारखी वाटते. प्रोटीनवाला सर्फॅक्टंट एकटा असला तर हे कमी होतं, आणि गंमत म्हणजे सल्फेटच्या सोबतीला ठेवला तरी होतं. दोघे मिळून गठ्ठे बांधतात, सुटे सल्फेट रेणू कमी उरतात. म्हणून ‘सल्फेट आहे’ एवढ्यावरनं बाटली फेकायची गरज नसते. यादीत सल्फेटच्या मागोमाग कोकोइल किंवा लॉरॉइल असं काही आहे का ते बघा.

माझ्याकडे याचा खरा उपयोग दोन जातींच्या डोक्यांवर झाला. एक, दर महिन्याला मुळांना रंग लावणाऱ्या बायका. त्यांची टाळू चुरचुरायची ती कमी झाली, आणि रंगही लवकर उतरेनासा झाला. दुसऱ्या, पूर्वेकडनं लग्नाला म्हणून येणाऱ्या मुली. अथणीकडे बोअरचं सवळ पाणी, त्यात अंगाचा साबणच डोक्याला लावायची सवय. सवळ पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. फणी घातली की राठ आवाज येतो. हे सर्फॅक्टंट तो साका बांधू देत नाहीत, पाण्यात विखरून ठेवतात. बेळगावच्या नळाला रकसकोप धरणाचं पाणी, त्यात असा त्रास नसतो. त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाला फरक कमी जाणवतो, अथणीवालीला पहिल्याच धुण्यात कळतो.

आता उणं. तेल लावून आलेल्या डोक्याला हा शाम्पू पुरत नाही. आपल्याकडे तेल लावणं म्हणजे बोटं बुडवून लावणं नव्हे, वाटी उपडी करणं. अशा वेळी दोनदा धुवावं लागतं, आणि ५४० रुपयांच्या मालाचं दोनदा धुणं मला परवडत नाही. तेव्हा मी पहिला हात साध्या सल्फेटचा देते आणि दुसरा याचा. घरी करणाऱ्यांनीही तेच करावं. शिकेकाई-रिठ्याची सवय असलेल्यांनी तर हा घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. त्यातलं सॅपोनिनही मळ काढतंच. फक्त ते डोळ्यांत गेलं की काय होतं ते लहानपणी प्रत्येकीने भोगलंय.

दुसरी बाटली, सोनेरी केरॅटिनवाली. २०० मिलि, १९९ रुपये. “अक्का, ही हप्त्याला खोकाभर जातीय,” दुकानदार म्हणाला, आणि जात असणारच. वास छान, फेस भरपूर, केस धुतल्यावर मऊ. यादी: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, बीटेन, डायमेथिकोनॉल, मीठ, सुगंध, मग फिनॉक्सिइथेनॉल, आणि त्याच्याही मागे हायड्रोलाइज्ड केरॅटिन.

इथे एक युक्ती सांगते, ती सगळ्या बाटल्यांना चालते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले कसेही लिहिले तरी चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे. म्हणजे यादीत त्याच्या मागे जे जे आलं, ते १ टक्क्याच्या आतलं. त्यात पुन्हा प्रोटीनचा कच्चा माल कारखान्यात येतो तो बहुतेक वेळा पाण्यात विरघळवलेला, २०-३० टक्क्यांचा. त्यातला अर्धा टक्का घातला तर खरं प्रोटीन किती उरलं ते तुम्हीच काढा. आणि एवढं करून ते शाम्पूत, म्हणजे मिनिटभरात मोरीत.

मग केस मऊ कशाने झाले? डायमेथिकोनॉलने. ते सिलिकोन आहे, चांगलं काम करतं, मला त्याचं वावडं नाही. कोपरावर बसलेल्या धुळीसारखं ते चार दिवसांत जातं किंवा पुढच्या शाम्पूने जातं, एवढंच. १९९ रुपयांना चांगला सल्फेट-सिलिकोन शाम्पू मिळतोय असं समजून घ्या, मग पैसे वाया गेले असं वाटणार नाही. केरॅटिन समजून घेतलात तर वाटेल.

या बाटलीवरनं एक वेगळीच चर्चा माझ्याकडे नेहमी होते. सदलग्याहून लेकीकडे आल्या की एक जैन मावशी माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला: “हे कशाचं केलंय गं?” अंडं चालत नाही, मध चालत नाही, आणि बाटलीवर हिरवा ठिपका असला तरी त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांचा प्रश्न मला कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो. केरॅटिन हे प्राण्यांच्या अंगावरच तयार होतं: लोकर, पिसं, शिंगं, खूर, आपले केस. झाडात केरॅटिन नसतं. त्यामुळे ‘व्हेज केरॅटिन’ किंवा ‘प्लांट केरॅटिन’ लिहिलेलं असेल तर ते गहू, सोया, मका यांच्या प्रोटीनचं मिश्रण असतं, ज्यात अमिनो ॲसिडचं प्रमाण केरॅटिनच्या जवळ नेलेलं असतं. मावशींना ते चालतं, फक्त त्याला केरॅटिन म्हणू नये एवढंच. लोकरीचं केरॅटिन मात्र मेंढी न मारता मिळू शकतं. धनगर वर्षाला मेंढ्या कातरतातच. हे सांगितल्यावर मावशी जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “तरी नको.” विषय संपला.

कोलॅजेनचं तसं नाही. ते कातडं, हाडं, माशांचे खवले यांतनंच येतं. अथणी-निपाणीला चपलेसाठी जे कातडं कमावतात त्यात मुख्य माल कोलॅजेनच असतो. चपलेत तो टिकवतात, बाटलीत तो तोडून घालतात. रेशीम आणखी एक. कोशातनं धागा सोडवताना कोष उकळतात आणि आतला किडा मरतो, म्हणून मावशींच्या यादीत हायड्रोलाइज्ड सिल्कही बाद. वडगावच्या विणकरांच्या घरातल्या बायकांना मात्र हे प्रोटीन सांगून समजवावं लागत नाही. कच्च्या रेशमावरचा सेरिसिनचा चिकट थर काढला की वजन जवळपास पाव हिश्श्याने घटतं, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत. तेच सेरिसिन आता क्रीममध्ये घालून विकतात म्हटल्यावर एकीने विचारलं, “म्हंजे फेकायचं ते आम्हालाच विकालेत?” तसंच काहीसं.

तिसरी वस्तू कंडिशनर, आणि हिच्यासाठी मी खडेबाजारला मुद्दाम जाते. २०० ग्रॅम, ४२० रुपये. यादी: पाणी, सेटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, ग्लिसरीन, पुढे बाकीचं. व्हीट प्रोटीन चौथ्या नंबरावर, सुगंधाच्या आधी. पण नंबरापेक्षा महत्त्वाचं ते त्याच्या नावातलं ट्रायमोनियम.

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक खवले असतात. रंग लावताना किंवा ब्लीच करताना पेरॉक्साइड आत शिरतं आणि केरॅटिनमधले गंधकाचे जोड तोडतं. तिथे ॲसिडचे गट तयार होतात. अशा केसावर ऋण विद्युतभार वाढतो. साधं हायड्रोलाइज्ड प्रोटीन थोडंफार चिकटतं, पण पाण्याने बरचसं निघून जातं. त्याच प्रोटीनच्या तुकड्याला कायमचा धन भार असलेली शेपटी लावली, तर ते जिथे जास्त नुकसान झालंय तिथेच जास्त बसतं आणि धुतल्यावरही थोडं टिकतं. ट्रायमोनियम, कोकोडायमोनियम, लॉरिलडायमोनियम या सगळ्या त्याच शेपट्या. प्रोटीनच्या नावाआधी यांपैकी काही असेल तर तो कंडिशनर प्रोटीनचं काम करतोय असं धरायला हरकत नाही.

माझ्याकडे रंग आणि स्ट्रेटनिंग दोन्ही केलेल्या मुलींच्या टोकांवर हा लावला की फणी सरळ उतरते, हा माझा रोजचा अनुभव. तुटलेला केस सांधला जात नाही. केस मेलेला असतो, बाहेरनं लावलेलं प्रोटीन त्याचा भाग होत नाही, वरती पातळ पापुद्रा धरतं आणि ओलावा पकडून ठेवतं. हजारेक डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) आतले बारीक तुकडे आत शिरतात, तेही पुढच्या धुण्यांत हळूहळू निघतात. ‘रिपेअर’ लिहिलेलं दिसलं की ‘झाकणं’ असं वाचा, म्हणजे अपेक्षा जागेवर राहते.

कधी रंग न लावलेल्या, कंबरेपर्यंतच्या काळ्याभोर केसांना हा लावू नका. खानापूरकडच्या एका मुलीने हट्टाने घेतला आणि दर धुण्याला वापरला. केस राठ आणि कडक झाले, वेणी दोरीगत. असे केस ऋण भार फारसा दाखवत नाहीत, त्यांना याची गरज नव्हती, पापुद्र्यावर पापुद्रा चढत गेला. आठवड्यातनं एकदा, तेही फक्त टोकांना, असं सांगितल्यावर सुधारले. पावसाळ्यात तर आणखी कमी. बेळगावच्या जून-जुलैच्या हवेत ओलावा पकडून ठेवणारं काही केसांवर असलं की ते हवेतलाही ओलावा पकडतं आणि केस फुगून बसतात.

अंडं लावलं तर हेच होईल ना, असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. नाही होत. अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रोटीन ४५,००० डाल्टनच्या आसपासचं, अख्खं. तोडलेलं नाही, त्याला शेपटीही नाही. वरती बसतं आणि धुतलं की जातं. गरम पाण्याने धुतलंत तर डोक्यावरच शिजतं, आणि मग ते कणाकणाने काढायला माझ्याकडे येता. अंडं तव्यावर फोडा, त्यातलं प्रोटीन खाल्ल्याने केसांना जास्त मिळेल.

गव्हाबद्दल मात्र एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय हा डबा उघडत नाही: गव्हाची ॲलर्जी आहे का. जपानमध्ये चेहरा धुवायच्या एका साबणात व्हीट प्रोटीनचे मोठे तुकडे घातलेले होते. रोज तोंड धुताना ते डोळ्यांच्या, नाकाच्या ओल्या कातडीतनं शरीराला ओळखीचे झाले, आणि २००० पेक्षा जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. ब्रेड किंवा नूडल्स खाऊन थोडं चालले तरी अंगावर गांधी, सूज, काहींना श्वास लागायचा. २०११ मध्ये तो साबण बाजारातनं परत मागवला. त्यानंतर युरोपने व्हीट प्रोटीनच्या तुकड्यांना सरासरी ३,५०० डाल्टनची मर्यादा घातली. आपल्या बाटल्यांवर तुकडे किती मोठे ते लिहिलेलं नसतं. म्हणून गहू सोसत नसेल त्याने सोया किंवा तांदळाचं घ्यावं, आणि कुणीच व्हीट प्रोटीनचा स्प्रे तोंडासमोर मारू नये.

चौथी वस्तू फेसवॉश. ट्यूब, १०० मिलि, २९० रुपये. पोटॅशियम कोकोइल ग्लायसिनेट दुसऱ्या नंबरावर, पाण्यानंतर लगेच. ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो ॲसिड. याचा फेस ग्लुटामेटपेक्षा खूप जास्त, जवळजवळ साबणासारखा. त्यासाठी त्याला जरा अल्कलीकडे ठेवावं लागतं, ॲसिडकडे नेलं तर त्याचे स्फटिक पडतात. कातडीचा पीएच ५ च्या आसपास, वडीच्या साबणाचा ९ ते १०; हा मध्ये कुठेतरी. माझ्या तेलकट तोंडाला उत्तम. कोरड्या कातडीच्या माझ्या जावेला ओढल्यासारखं झालं, तिला मी ग्लुटामेटवाला दिला. गिऱ्हाइकांना सरसकट देत नाही ते याच कारणाने.

(फेसवॉशसोबत एजंटाने कोलॅजेन क्रीमचं सॅम्पल दिलं. अख्ख्या कोलॅजेनचा रेणू ३,००,००० डाल्टनचा, कातडीतनं ५०० च्या वरचं फारसं आत जात नाही. मॉइश्चरायझर म्हणून चांगलं आहे. सुरकुत्यांबद्दल एजंट जे बोलला ते इथे लिहीत नाही.)

पाचवी, पार्लरसाठीचं ‘केरॅटिन ट्रीटमेंट’ किट. तीन बाटल्या, साडेचार हजार, आणि एका गिऱ्हाइकाकडनं तेवढेच सुटतात म्हणून प्रत्येक एजंट हे पुढे करतो. यादी वाचून मी दुकानातच परत ठेवलं. या प्रकारात केस सरळ होतात ते केरॅटिनने नाही. काही किटांत फॉर्माल्डिहाइड सोडणारे घटक असतात, लेबलवर मेथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मलिन अशा नावाने, कधी नाव न लिहिताही. २३० डिग्रीची इस्त्री फिरवली की वायू सुटतो, तो केसांच्या प्रोटीनचे तुकडे एकमेकांत अडकवून टाकतो, केस इस्त्रीखाली होते तसेच सरळ राहतात. गिऱ्हाइकाच्या आणि माझ्या डोळ्यांतनं पाणी, घशात खवखव. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. गिऱ्हाईक वर्षातनं एकदा येईल, मी त्या दहा बाय बाराच्या खोलीत रोज उभी असणार.

“हे बिनफॉर्मलिनचं हाय अक्का, बघा की,” दुकानदाराने दुसरं किट काढलं. त्यात ग्लायऑक्झिलिक ॲसिड. तेही इस्त्रीच्या उष्णतेने काम करतं, आणि असं स्ट्रेटनिंग केल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. तेही ठेवलं. लग्नसराईत यामुळे माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या गल्लीत जातात, जाऊ देत. सरळ केस हवे असतील तर हळदीच्या दिवशी इस्त्री करून देते, वर तो कंडिशनर. वरात होईपर्यंत टिकतं.

दुकानाबद्दलही लिहिते, कारण माल तिथनंच घ्यायचा. खडेबाजारच्या आतल्या बाजूला, बोळात, बाहेर विगच्या तीन मुंड्या टांगलेल्या. मालक मराठी, कन्नड आणि घाऊकवाल्याशी फोनवर हिंदी एकाच श्वासात बोलतो. चांगली गोष्ट म्हणजे बाटली हातात घेऊन वाचू देतो, कपाळाला आठी घालत नाही. सीलबंद डबा असेल तर कोपऱ्यातला उघडा नमुना काढून दाखवतो. वाईट गोष्ट म्हणजे मालाची तारीख त्याच्या ध्यानात नसते. प्रोटीनवाला माल पाणीदार, जंतूंना आवडता. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली लवकर नासते. केरॅटिनला मुळातच गंधकाचा हलका वास असतो, तो सुगंधाने झाकलेला. झाकण उघडल्यावर कुजकट वास वर आला तर बाटली परत करा. मी तशी एक परत केली, त्याने वाद न घालता बदलून दिली. ओल्या हाताने डब्यात बोटं घालायची सवय असेल तर डबा नको, पंप घ्या.

घाऊक भावाने शाम्पूची १ लिटरची बाटली १,७०० ला पडते, घरी दोघी-तिघी वापरणार असाल तर तीच परवडेल. कंडिशनर फक्त २०० ग्रॅमचाच येतो, आणि गेल्या खेपेला संपलेला होता. श्रावणात परत येईल म्हणाला. जाण्याआधी फोन करून विचारा, कारण शनिवारी आठवडी बाजाराच्या गर्दीत रिकाम्या हाताने परत यायला लागतं.